उरलचा पोटॅश आणि खडवलीचे खाचर

खरीप तोंडावर आला की खडवली भागातल्या शेतकऱ्यांची पहिली चौकशी असते, "साहेब, पोटॅशची गोण कितीला?" हा भाव कल्याणच्या दुकानात ठरत नाही आणि मुंबईतही ठरत नाही. तो ठरतो रशिया, बेलारूस आणि कॅनडात. जगाच्या बाजारात येणारा बहुतेक पोटॅश या तीन देशांचा. आपल्याकडे त्याची एकही खाण चालू नाही, त्यामुळे म्युरेट ऑफ पोटॅशची सारी गोण बाहेरून येते.

रशियातला पोटॅश निघतो उरल पर्वताच्या कडेला, पर्म प्रांतात. सोलिकाम्स्क आणि बेरेझ्निकी ही तिथली खाणींची शहरे. फार पूर्वीचा समुद्र आटून मिठासारखे थर जमिनीखाली साचले, ते फोडून हे खत काढतात. बेरेझ्निकीच्या एका खाणीत 2006 साली पाणी शिरले आणि पुढच्या वर्षी वरची जमीन खचून भलामोठा खड्डा पडला. 'उरलकाली' ही तिथली कंपनी बेलारूसच्या सरकारी कंपनीबरोबर मिळून माल विकायची. जुलै 2013 मध्ये दोघांचे फाटले. बेलारूसने उरलकालीच्या प्रमुखाला मिन्स्कमध्ये अटक केली आणि जगभर पोटॅशचे भाव घसरले. दोघा विकणाऱ्यांचे भांडण झाले, की घेणाऱ्याचे फावते ते असे.

2022 साली मात्र उलटे झाले. बेलारूसचा माल लिथुआनियाच्या क्लायपेदा बंदरातून जहाजावर चढायचा. निर्बंधांमुळे फेब्रुवारीत ती वाट बंद झाली, आणि त्याच महिन्याच्या 24 तारखेला रशियाने युक्रेनवर चढाई केली. पूर्वी हजाराच्या आत मिळणारी 50 किलोची गोण त्या वर्षी 1,700 रुपयांच्या आसपास गेली. पाश्चात्य देशांनी रशियावर निर्बंध लादले, पण खतावर सरसकट बंदी घातली नाही. खत अडवले तर गरीब देशांत धान्य अडते, हे त्यांनाही कळत होते. रशियाचे वजन यातच आहे. त्याच्याकडून घेणे कुणाला आवडो न आवडो, सोडून देणे परवडत नाही.

गॅसचेही तेच. नैसर्गिक वायूचे जगातले सर्वांत मोठे साठे रशियाकडे. युरिया बनतो अमोनियापासून आणि अमोनियासाठी लागतो गॅस. आपल्या ट्रॉम्बे आणि थळच्या राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यांतही युरिया गॅसवरच होतो. 2022 मध्ये रशियाने युरोपचा गॅस आवळला, तेव्हा तिकडचे खतकारखाने बंद पडू लागले. आपल्या 'गेल' कंपनीला रशियन गाझप्रोमच्या उपकंपनीकडून करारान्वये येणारी जहाजेही थांबली, आणि काही काळ आपल्या खतकारखान्यांच्या गॅसला कात्री लागली. तरी युरियाची 45 किलोची गोण 266 रुपये 50 पैशांनाच मिळत राहिली. फरक सरकारने सोसला. 2022-23 साली खत अनुदानाचा बोजा अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला होता.

आता यातली मेख बघा. युरिया स्वस्त राहिला, पोटॅश महागला. मग शेतकरी काय करणार? पोटॅश सोडतो आणि युरियाची मूठ वाढवतो. पीक हिरवंगार दिसतं, शेजारी बांधावर थांबून बघतो. पण नुसत्या नत्रावर वाढलेला भात लुसलुशीत होतो, त्यावर करपा आणि तुडतुडे लवकर येतात, परतीच्या पावसात तो लोळतो आणि लोंबीत पोचट दाणे वाढतात. सुधारित भाताला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद, 50 किलो पालाश अशी आपल्याकडची शिफारस आहे. पालाश त्यात शोभेला घातलेले नाही.

दिल्लीत डिसेंबर 2025 मध्ये पुतिन आले, तेव्हा आपल्या तीन खत कंपन्यांनी, त्यात राष्ट्रीय केमिकल्सही आहे, रशियाच्या उरलकेमबरोबर तिकडे युरिया कारखाना काढण्याचा करार केला. गॅस तिथे, कारखाना तिथे, खत इकडे. कल्पना चांगली आहे. पण त्याआधी ऑगस्टमध्ये, रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर 25 टक्के जादा कर लावला होता, तेही विसरून चालणार नाही. रशियाशी व्यवहार वाढवला की दुसरीकडून दट्ट्या बसू शकतो.

हे दिल्लीवाल्यांनी बघावे. आपल्या हातात आहे तो पेंढा. भाताने उचललेल्या पालाशापैकी बहुतेक भाग, सुमारे 80 टक्के, दाण्यात न जाता पेंढ्यात राहतो. एक टन पेंढ्यात साधारण 15 ते 20 किलो पालाश असते, म्हणजे पोटॅशची निदान अर्धी गोण. झोडणी झाली की टेम्पो भरून पेंढा तबेल्यांकडे जातो, तेव्हा शेतातला पोटॅशच टेम्पोत बसून जातो. नड असते, मान्य. पण सगळा विकू नका. थोडा चिखलणीआधी गाडा, गुरांनी टाकलेली गवाण खतखड्ड्यात घाला. आणि तबेल्याचे शेण परतीच्या टेम्पोत मागून घ्या, तेवढा सौदा जमतो.

चारसूत्री लागवडीत भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळायची आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात दाबायचा, ही दोन्ही कामे फुकटात होतात. गिरणीत तूस पडून असते. साखर कारखान्यांच्या मळीपासून निघणाऱ्या देशी पोटॅशलाही 2021 पासून अनुदान आहे; सोसायटीने एकत्र मागणी नोंदवली तर तो मागवता येईल.

मातीचा नमुना मे महिन्यात, खाचर कोरडे असताना घ्यावा. राब भाजलेली जागा आणि खतखड्ड्याची जागा सोडून, वीतभर खोलीची माती पाच-सहा ठिकाणची एकत्र करावी आणि पिशवीवर गट नंबर पेन्सिलीने लिहावा, शाईने लिहिलेला पुसतो.