जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा: आधी काय, नंतर काय

मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते ती व्हिसा मिळेल का याची. त्याआधी कोणता व्हिसा, हे पाहायला हवं. पर्यटकांचा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहण्यापुरता. त्यावर जाऊ आणि तिथेच बदलून घेऊ, हा बेत चालत नाही. परत येऊन नव्याने अर्ज करावा लागतो. शिकायचं तर ‘डी’ वर्गाचा राष्ट्रीय व्हिसाच हवा.

सुरुवात होते एपीएस प्रमाणपत्रापासून. भारतीय पदवी आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत, याची ही खातरजमा. ते यायला वेळ लागतो, आणि काही विद्यापीठं प्रवेशअर्जासोबतच मागतात. म्हणून ते सर्वांत आधी.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘ब्लॉक्ड अकाउंट’चा. वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो या खात्यात आधी भरायचे. ही फी नाही. पैसे तुमचेच राहतात. फक्त एकदम काढता येत नाहीत; तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो तुमच्या चालू खात्यात येतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, त्यामुळे कर्जाची मोठी रक्कम विद्यापीठाकडे नव्हे, या खात्यात जाते. बँकेत पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगा, नाहीतर मंजुरी ऐनवेळी अडते.

पासपोर्टवरचा व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो. घाबरू नका, तो तेवढाच असतो. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो द्यायला जो मालक कां-कूं करतो, त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. पुढची सगळी कामं त्या कागदावर अडतात. मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज. मोठ्या शहरांत तारीख लवकर मिळत नाही, पण व्हिसा संपायच्या आत अर्ज दाखल झालेला हवा.

शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. त्या काळात पोटापाण्यासाठी कोणतंही काम चालतं. पदवीला साजेशी नोकरी लागली की ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना. तिथल्या पदवीधराला अशा नोकरीत दोन वर्षं झाली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, पण त्याला बी-१ पातळीची जर्मन लागते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी भाषेचा वर्ग पुण्या-मुंबईत असतानाच सुरू करा. तिथे प्रयोगशाळा आणि अर्धवेळ काम सांभाळून त्याला सवड काढणं फार जड जातं.