गायतोंडे : रंगाआधीची बैठक

मागच्या लेखात आपण वारल्यांचा लग्नचौक पाहिला. तिथे चित्राचं काम स्पष्ट आहे. सवाशिणी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते आणि मगच लग्न लागतं. पण ज्या चित्रात देव नाही, माणूस नाही, कथा नाही आणि ज्याला शीर्षकही नाही, त्याचा अध्यात्माशी काय संबंध? हा प्रश्न घेऊन वासुदेव संतू गायतोंडे यांच्याकडे जावं लागतं.

गायतोंडे मूळ गोव्याच्या घराण्यातले. १९२४ साली नागपुरात जन्म, वाढले गिरगावात, १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. सुरुवातीला ते आकृतीच काढत. बसोलीच्या लघुचित्रांचा आणि पॉल क्लेचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. १९५०चं दशक सरता सरता आकृती गळून गेल्या. याच सुमारास झेन विचार त्यांच्या वाचनात आला. रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांच्याकडेही त्यांचा ओढा होता. तेव्हा ते वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत काम करत. समोर समुद्र, आवारात रविशंकरांचं संगीत विद्यालय आणि अल्काझींचं नाटक. एवढ्या वर्दळीत राहूनही या माणसाने मौन धरलं.

हे मौन म्हणजे स्वभावातला तुटकपणा असं अनेकदा लिहिलं गेलं. ते अपुरं आहे, कारण मौन हा त्यांच्या कामाचाच पहिला टप्पा होता. १९९१ साली प्रीतीश नंदी यांना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी चित्राची सुरुवात शांततेतून होते, असंच सांगितलं होतं.

कॅनव्हासवर काय घडायचं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कुंचला त्यांनी जवळपास सोडून दिला होता. हातात असायचा रोलर आणि पॅलेट नाइफ. रोलरने तैलरंगाचा पातळ थर पसरायचा, त्यावर दुसरा, मग तिसरा. मधूनच रंग लावलेले कागदाचे फाटके तुकडे ओल्या पृष्ठभागावर दाबून उचलायचे, म्हणजे मागे अर्धवट ठसे उरतात. नाइफने काही भाग खरवडायचा, की खालचा रंग वर डोकावतो. लावण्याइतकंच काढणंही महत्त्वाचं. यातला बराचसा परिणाम आधी ठरवता येत नाही, त्यामुळे थांबून पाहावं लागतं. वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हासच पूर्ण होत. उरलेला वेळ बसण्यात, पाहण्यात जाई. गवयाच्या रियाजात जसा न गायलेला वेळही धरलेला असतो, तसा हा वेळ चित्राचाच होता.

आणि सही? दर्शनी बाजूवर ती नसायची. नाव आणि साल कॅनव्हासच्या पाठीमागे, अनेकदा देवनागरीत. चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्रकाराने यायचंच नाही, इतका साधा अर्थ त्यातून घेता येतो.

सय्यद हैदर रझा यांचा बिंदू आठवला की फरक लक्षात येतो. रझांच्या चित्रात अध्यात्म प्रतीक होऊन समोर येतं: बिंदू, पंचतत्त्वं, प्रकृती-पुरुष. ते ओळखता येतं, नाव घेऊन सांगता येतं. गायतोंडे असं काहीच हाती देत नाहीत. त्यांच्याकडे अध्यात्म विषय म्हणून येत नाही, काम करण्याच्या रीतीत येतं. म्हणून त्यांच्या कॅनव्हासमध्ये क्षितिज, पाणी किंवा ध्यानमग्न आकृती शोधत बसणं व्यर्थ आहे.

१९७२ साली ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनला राहू लागले. १९८४ साली रिक्षाचा अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास हाताळणं काही वर्षं बंद पडलं. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने कामं केली. छोटे, मोजके फटकारे, कुठल्याच लिपीत नसलेल्या अक्षरांसारखे. रंग आणि आकार दोन्ही सुटले तरी रीत सुटली नाही, याचा हा सर्वात भक्कम पुरावा आहे. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. २००१ साली त्यांचं निधन झालं.

२०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींहून अधिक किमतीला गेलं आणि चर्चा किमतीचीच होऊ लागली. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष त्यांच्या कार्यपद्धतीकडे गेलं. मराठी वाचकाला मात्र त्यासाठी न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. तिथली चित्रं आलटून पालटून मांडतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. एकाच चित्रासमोर निदान दहा मिनिटं उभे राहा आणि मोबाइल खिशातच ठेवा.

पुढच्या लेखात तिबेटी भिक्षूंचं वाळूचं मंडल, जे पूर्ण झाल्यावर विधिपूर्वक पुसून टाकलं जातं.