खिडकी बदलताना : बीडच्या उन्हाळ्यातील घर आणि काचेची तावदाने

आपल्या बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे हल्ली घराची दुरुस्ती काढतात तेव्हा प्रथम हात घालतात तो खिडक्यांना. जुनी लाकडी खिडकी काढून तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची सरकती, काळ्या काचेची खिडकी बसविली जाते. घराला नवे रूप येते हे खरे; परंतु एप्रिल उजाडला की त्याच घरातील वृद्ध मंडळी आणि तान्ही बालके दुपारी ओसरीवर येऊन बसतात, कारण आतील खोली पूर्वीपेक्षा अधिक तापलेली असते. असे का होते, हे समजून घेणे खर्च करण्यापूर्वीच आवश्यक आहे.

काचेचा स्वभाव प्रथम लक्षात घेऊ या. सूर्यप्रकाश साध्या काचेतून सहज आत येतो. त्यातील उष्णतेपैकी सुमारे ८० टक्के भाग खोलीत पोहोचतो. तो भिंती, फरशी, पलंग यांना तापवितो. या तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकू पाहतात ती मात्र निराळ्या प्रकारची असते आणि काच तिला जाऊ देत नाही. म्हणजे उष्णतेला आत येण्याची वाट मोकळी आणि परतीची वाट बंद. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारगाडीत आपण हाच अनुभव घेतो. काळी वा तपकिरी काच प्रकाश कमी करते म्हणून ती थंड असेल असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ती ऊन स्वतः शोषून तापते आणि त्यातील बराचसा ताप आतल्या बाजूस सोडते. दुपारी चार वाजता अशा काचेला आतून हात लावून पाहावा.

याउलट आपण ज्या खिडक्या मोडीत काढतो त्यांना लाकडी दारे असत. सकाळी नऊच्या सुमारास ती लावून घेतली की ऊन लाकडावरच अडे आणि खोलीत मंद अंधार व गारवा राही. जुन्या माळवदाच्या घरांत दगड-मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि वर झरोका अशी योजना होती. दिवसाचा ताप भिंतीतून आत पोहोचेपर्यंत रात्र होई आणि तोवर माणसे अंगणात वा माळवदावर निजलेली असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जड माळवदाची भीती आपल्या भागात बसली आणि ती अनाठायी नव्हती. परंतु माळवद गेले म्हणून लाकडी दारेही जावीत असे काही नव्हते. ज्यांच्या खिडकीची लाकडी दारे अद्याप शाबूत आहेत, त्यांनी ती दुरुस्त करून रंगवून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सुताराची मजुरी नव्या खिडकीपेक्षा बहुधा कमीच पडते.

आता दिशेचा विचार. सर्व खिडक्या सारख्या नसतात. बीड सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मेच्या मध्यास सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटी छज्जा असेल तर २१ मार्चपासून पुढे सबंध उन्हाळाभर भर दुपारी ती पूर्णपणे सावलीत राहते. तिथे महागडी काच बसविणे म्हणजे पैसा व्यर्थ घालविणे होय. खरी शत्रू आहे ती पश्चिमेची खिडकी. मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य पश्चिमेला इतका उतरलेला असतो की तोच दोन फुटी छज्जा खिडकीचा वरचा जेमतेम सव्वा फूट भाग झाकतो. साडेपाचला तर पाऊण फूटसुद्धा नाही. उरलेल्या खिडकीतून ऊन थेट पलंगावर येते, आणि तेही बाहेरची हवा अत्यंत तापलेली असताना.

या खिडकीवर उपाय एकच : ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधी बाहेर अडविणे. घरातल्या घरात लावलेला जाड पडदा उजेड अडवितो, पण उष्णता तोवर काचेच्या आत आलेली असते. बाहेरून लावलेला बांबूचा वा वाळ्याचा पडदा, लाकडी झडप, मंडपाला चढविलेला वेल, किंवा शेतकरी रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी शेडनेट भिंतीपासून फूटभर अंतरावर ताणून बांधली तरी मोठा फरक पडतो. जागा असल्यास पश्चिमेला कडुनिंब लावावा. त्याला काही वर्षे द्यावी लागतात, इतकेच.

खिडकीचे दुसरे काम वारा आणण्याचे. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर असते आणि हीच आपली संपत्ती. दिवसा खिडक्या बंद, आणि बाहेरची हवा निवल्यावर, म्हणजे रात्री आठ-नऊपासून सकाळी सातपर्यंत, सताड उघड्या, हा नियम पाळता आला पाहिजे. सरकत्या खिडकीची अडचण इथे कळते. निवासी इमारतींसाठी केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या ‘इको-निवास संहिते’नुसार उष्ण व कोरड्या हवामानात खिडकी-दारांचा उघडता येणारा भाग फरशीच्या किमान १० टक्के असावा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला हे बारा चौरस फूट होतात. चार बाय चारची दोन पट्ट्यांची सरकती खिडकी दिसायला सोळा चौरस फुटांची, पण उघडते फक्त आठ. बिजागरीवर फिरणारी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. डास, विंचू आणि चोर यांच्या भयाने आपण रात्री खिडकी लावून घेतो. म्हणून खिडकीसोबतच घट्ट बसणारी जाळी आणि मजबूत गज यांचा खर्च धरावा. जाळीने वारा थोडा मंदावतो हे मान्य करूनच.

दुहेरी काचेविषयी बरेच जण विचारतात. दोन काचांमधील कोंडलेली हवा उष्णतेचे वहन कमी करते, हे सत्य आहे. परंतु साध्या दुहेरी काचेतूनही थेट ऊन बऱ्याच अंशी आत येतेच. वातानुकूलन यंत्र असलेल्या बंद खोलीत तिचा उपयोग. रात्री खिडक्या उघडून झोपणाऱ्या घराला तिची गरज नाही. काच घ्यायचीच असल्यास दुकानदाराला रंग न विचारता सूर्याची किती उष्णता आत येते तो आकडा विचारावा. हा आकडा शून्य ते एक यांमध्ये असतो. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास, आणि ऊन परतविणाऱ्या चांगल्या काचेचा ०.३ वा त्याहून कमी.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्यांचे घर पत्र्याचे किंवा एकमजली स्लॅबचे आहे, त्यांच्या घरात सर्वाधिक ताप छतातून उतरतो. ऊसतोडीहून मार्च-एप्रिलमध्ये परतणारी आपली कुटुंबे नेमक्या भर उन्हाळ्यात अशा पत्र्याखाली येतात. हाती थोडेच पैसे असतील तर स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर द्यावा किंवा पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे छत बांधावे, आणि खिडकीचा विचार पुढील वर्षी करावा.

ज्यांच्याकडे कूलर आहे त्यांनी तो उघड्या खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा बसवावा आणि समोरच्या बाजूची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. सर्व खिडक्या लावून कूलर चालविला की ओलावा आतच साठतो, अंग चिकट होते, आणि टँकरने आणलेले पाणी मात्र संपत राहते.