जनावरांतील मुतखडा व आहाराचे नियमन

पेरणीच्या तोंडावर जोडीतील एक बैल निकामी झाला की शेतकऱ्याचा सारा हंगाम अडतो. बकरी ईदसाठी जोपासलेला बोकड ऐन विक्रीच्या वेळी दगावला, तर लहान कुटुंबाची वर्षाची शिल्लक जाते. अशा नुकसानीचे एक कारण मुतखडा हे होय. बोकडांच्या बाबतीत तर हा विकार हयगय झालेल्या जनावरापेक्षा लाडाने पोसलेल्या जनावरास अधिक गाठतो. खडा सापडतो मूत्रमार्गात. पण त्याची सुरुवात पुष्कळदा गव्हाणीत झालेली असते.

खडा कोठे व का अडतो

खडे नर व मादी या दोहोंतही तयार होतात. परंतु मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्यामुळे ते बाहेर पडून जातात. बैल, बोकड व मेंढा यांचा मूत्रमार्ग लांब व अरुंद असून वाटेत त्यास नागमोडी वळण असते. खडा बहुधा या वळणावर अडकतो. बोकड व मेंढ्यात मूत्रमार्गाच्या टोकाशी शेपटीसारखा एक बारीक भाग असतो. तेथे बाजरीच्या दाण्याएवढा खडादेखील मूत्र अडवू शकतो. नराचे खच्चीकरण फार लहान वयात केल्यास मूत्रमार्गाची वाढ अपुरी राहते व धोका वाढतो. म्हणून पाळावयाच्या बोकडाचे खच्चीकरण शक्यतो पाच-सहा महिन्यांच्या वयानंतर, पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

आहाराचा संबंध

जनावराच्या एकूण आहारात कॅल्शियम व स्फुरद यांचे प्रमाण साधारण दोनास एक असावयास हवे. गहू, मका, ज्वारी या धान्यांत स्फुरद अधिक व कॅल्शियम अत्यल्प असते. गव्हाच्या कोंड्यात तर कॅल्शियमच्या सुमारे आठपट स्फुरद असते. बोकड लवकर भरावा म्हणून त्यास सकाळ-संध्याकाळ भरडा व कोंडा चारला, की हे प्रमाण उलटे होते.

दुसरी गोष्ट रवंथाची. कडबा किंवा गवत खाणारे जनावर पुष्कळ वेळ रवंथ करते, त्यामुळे लाळ भरपूर सुटते. शरीरातील जादा स्फुरद या लाळेवाटे पोटात येऊन शेणातून किंवा लेंड्यांतून बाहेर पडते. आंबोणावर पोसलेले जनावर रवंथ कमी करते. मग तेच स्फुरद मूत्रात उतरते व त्याचे खडे बनतात. भाताच्या पेंढ्यात सिलिका हे वाळूच्या जातीचे द्रव्य पुष्कळ असते. त्यामुळे केवळ पेंढ्यावर राहणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या बैलासही धोका संभवतो.

या सर्वांत पाण्याचा वाटा मोठा आहे. पाणी कमी पडले की मूत्र दाट होते व त्यातील क्षार साकळतात. हिवाळ्यात जनावर थंड पाण्यास तोंड लावीत नाही. उन्हाळ्यात पाणीच अपुरे असते. दोन्ही ऋतूंत सावध असावे.

विकार कसा ओळखावा

जनावर वारंवार कुंथते, शेपटी उचलते, पाठीचा बाक काढते, पोटावर लाथा मारते व दात खाते. मूत्र थेंब थेंब येते अथवा मुळीच येत नाही. मूत्रमार्गाच्या तोंडावरील केस कोरडे राहतात किंवा त्यांवर वाळूसारखे कण दिसतात. चारा सुटतो, रवंथ बंद होते. कुंथणे पाहून हा बद्धकोष्ठ आहे असे समजून तेल पाजले जाते, आणि त्यात मोलाचे तास निघून जातात.

मूत्र पूर्ण तुंबले असता एक-दोन दिवसांत मूत्राशय फुटू शकतो. तो फुटताच कळा थांबतात व जनावर शांत उभे राहते. धन्यास उतार पडला असे वाटते. वस्तुतः मूत्र पोटात पसरत असते. पुढे पोट दोन्ही बाजूंनी फुगते आणि जनावर दगावते. म्हणून कळा थांबल्या एवढ्यावर समाधान मानू नये. मूत्र मोकळे झाले की नाही, हे पाहावे.

तत्काळ काय करावे

त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा 1962 या क्रमांकावर कळवावे. आंबोण ताबडतोब बंद करावे. बैल औताला जुंपू नये. मूत्र पूर्ण बंद असता बळेच पाणी, काढे किंवा मूत्र वाढविणारी औषधे पाजू नयेत. वाट बंद असताना मूत्र वाढविणे म्हणजे मूत्राशय फुटण्यास मदत करणे होय. पशुवैद्यक प्रसंग पाहून टोकाचा खडा काढतात अथवा शस्त्रक्रिया करून मूत्राशयात नळी बसवितात. जनावर वेळेवर पोचल्यास ते वाचण्याची आशा असते.

सुटका झाल्यानंतरचा आहार

येथेच अनेकांची चूक होते. आजारातून उठलेले जनावर नीट खात नाही, म्हणून प्रेमापोटी त्यास कणकेचे गोळे, भरडा व कोंडा दिला जातो, आणि खडे पुन्हा तयार होऊ लागतात. भूक परत आणावयाची ती चाऱ्याने आणावी. प्रथम ताजे हिरवे गवत व कोवळा पाला थोडा थोडा, दिवसातून चार-पाच वेळा द्यावा. रवंथ सुरू झाली की कडबा वाढवावा. दोन दिवसांतही जनावर चाऱ्यास तोंड लावीत नसेल, तर पशुवैद्यकास पुन्हा दाखवावे.

नवसागर दिल्याने मूत्र आम्ल होते व स्फुरदाचे खडे होण्यास आळा बसतो. मात्र सर्वच प्रकारच्या खड्यांवर तो चालत नाही. त्याची मात्रा जनावराच्या वजनावर ठरते, म्हणून तो पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच द्यावा. कल्हईसाठी मिळणारा नवसागर जनावरास घालू नये.

प्रतिबंधक उपाय

1. आहाराचा मुख्य भाग वैरणीचा असावा. आंबोण एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे.
2. तूर व हरभऱ्याचे भुसकट, लसूणघास यांत कॅल्शियम चांगले असते. इतर वैरणीबरोबर त्यांचा मेळ घालावा. केवळ लसूणघासावर जनावर ठेवू नये.
3. बैलास ऋतू व काम पाहून रोज 30 ते 60 लिटर पाणी लागते. स्वच्छ पाणी दिवसभर समोर असावे. थंडीत ते उन्हात ठेवून कोमट करावे.
4. आंबोणात मीठ घालावे, म्हणजे जनावर पाणी अधिक पिते. पाणी मुबलक नसेल तेथे मीठ वाढवू नये.
5. खनिज मिश्रणात स्फुरद असल्यास, खड्याचा त्रास झालेल्या नरास ते देण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी गोठ्यास भेट देताना चाऱ्याबरोबर पाण्याची व मूत्राचीही चौकशी करावी. ‘जनावर काय खाते?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘मूत्र मोकळे होते काय?’ हाही तितक्याच नेमाने विचारला जावा. शेतकऱ्यांनीही दावणीपाशी क्षणभर थांबून हे पाहण्याची सवय ठेवल्यास विकार पहिल्याच दिवशी लक्षात येईल, आणि अनेक जनावरांचे प्राण वाचतील.