वाळणाऱ्या थेंबाच्या पोटात

थेंब वाळतो म्हणजे पाणी जागच्या जागी उडून जातं, आत काही हलत नाही, असं आपण धरून चालतो. ओट्यावर वाळलेला काळ्या कॉफीचा डाग नीट पाहा. मधे फिका, कडेला गडद. कण नुसते खाली बसले असते, तर डाग सगळीकडे सारखा पडला असता.

शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये याचा उलगडा केला. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून बसते, आत सरकत नाही. पाणी मात्र कडेलाच सर्वांत झपाट्याने उडतं, कारण तिथल्या वाफेला पसरायला जास्त मोकळीक मिळते. ही तूट मधल्या पाण्यातून भरून निघते. आतून कडेकडे प्रवाह सुरू होतो आणि कण त्याच्याबरोबर वाहत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली हे बघण्यासारखं असतं: बराच वेळ कण रेंगाळत सरकतात आणि थेंब संपत आला की कडेकडे अक्षरशः धावत सुटतात.

थेंबाचं तापमान खोलीइतकंच राहतं, हेही खरं नाही. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे २,४५० जूल उष्णता लागते. ती बरीचशी खालच्या पृष्ठभागातून येते, त्यामुळे तांब्यावरचा आणि प्लॅस्टिकवरचा थेंब सारखे वाळत नाहीत. तापमानातल्या फरकाने पृष्ठताणही जागोजागी बदलतो आणि द्रव उष्ण भागाकडून थंड भागाकडे ओढला जातो. हा मारांगोनी प्रवाह. ऑक्टेनच्या थेंबात तो कणांना मधे ओढून आणतो, कडं उमटतच नाही. पाण्यात मात्र तो क्षीण दिसतो. पाण्याच्या पृष्ठभागावरचा किंचितसा मळही त्याला थोपवायला पुरतो.

सर्वांत पक्का गैरसमज तव्याचा: जितका गरम, तितकं पाणी लवकर उडणार. जर्मन वैद्य योहान लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ च्या ग्रंथात लालबुंद लोखंडी पळीतल्या थेंबांचं वर्णन केलं आहे. पहिला थेंब अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकला. पळी निवत गेली तसे पुढचे थेंब लवकर संपले! साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे थेंब स्वतःच्याच वाफेच्या पातळ थरावर तरंगतो आणि वाफ उष्णतेची मंद वाहक असल्याने खालची धग त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. पोलाद कारखान्यात तापलेल्या पत्र्यावर नुसतं पाणी ओतून भागत नाही ते यामुळेच. हा थर फोडायला जोरदार फवारे मारावे लागतात.