शालेय संपादणूक व विद्यार्थिरचना

शालेय संपादणूक व विद्यार्थिरचना : प्रमाणित कसोट्यांमध्ये शाळेतील विद्यार्थ्यांनी गाठलेल्या पातळीस शालेय संपादणूक, तर आर्थिक स्थिती, वंश, मातृभाषा, अपंगत्व इत्यादींनुसार होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विभागणीस विद्यार्थिरचना म्हणतात. या दोहोंच्या परस्परसंबंधाचा विशेष तपशीलवार अभ्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक प्राथमिक शाळांच्या संदर्भात झालेला आहे.

या शाळांत किंडरगार्टनपासून पाचव्या वा सहाव्या इयत्तेपर्यंतचे शिक्षण विनामूल्य दिले जाते. मूल कोणत्या शाळेत जाणार, हे सामान्यतः त्याच्या राहत्या वस्तीवरून ठरते. त्यामुळे वस्तीतील आर्थिक व वांशिक विभागणी शाळेतही उतरते. शाळांच्या खर्चाचा बराच भाग स्थानिक मालमत्ता-करातून भागविला जात असल्याने श्रीमंत व गरीब जिल्ह्यांच्या साधनसामग्रीत तफावत पडते. वंशानुसार सक्तीने वेगळ्या ठेवलेल्या शाळा १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या; परंतु जिल्ह्याजिल्ह्यांतील खर्चाची विषमता संघीय घटनेचा भंग करीत नाही, असा निर्णय १९७३ मध्ये झाला आणि १९७४ च्या डिट्रॉइट खटल्यानंतर शहर व उपनगरे यांच्यात विद्यार्थ्यांची अदलाबदल करण्यावर कडक मर्यादा आल्या.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन (१९२६–९५) यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ४,००० शाळा व सहा लाखांवर विद्यार्थी यांची पाहणी करण्यात आली. १९६६ च्या या अहवालानुसार विद्यार्थ्यांच्या संपादणुकीतील फरकांशी इमारत, प्रयोगशाळा वा खर्च यांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा आणि त्यानंतर सहाध्यायांच्या सामाजिक स्तराचा संबंध अधिक निकटचा आढळला. शाळेचा काहीच प्रभाव पडत नाही, असा त्याचा अर्थ पुष्कळांनी लावला. तो अतिव्याप्त होता.

२००२ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने तिसरी ते आठवी या इयत्तांत वाचन व गणित यांची वार्षिक कसोटी आवश्यक केली आणि तिचे निकाल गरीब, अपंग, इंग्रजी शिकणारे व विविध वंशांचे विद्यार्थी अशा गटांनुसार जाहीर करण्याचे बंधन घातले. शाळेच्या चांगल्या सरासरीआड दुर्बल गटांची उपेक्षा लपू नये, हा त्यामागील हेतू. मात्र २०१४ पर्यंत सर्व मुले प्रावीण्य-पातळीवर आणण्याचे उद्दिष्ट असाध्य ठरले व शेकडा प्रमाणात मागे राहिलेल्या शाळांवर अपयशाचा शिक्का बसला. २०१५ च्या कायद्याने कसोट्या व गटवार निकाल कायम ठेवून उपाययोजनेचे बरेचसे अधिकार राज्यांकडे सोपविले.

निर्देशकांच्या मर्यादा : दारिद्र्याचे गमक म्हणून विनामूल्य वा सवलतीच्या शालेय भोजनास पात्र मुलांचे प्रमाण दीर्घकाळ वापरले गेले. कौटुंबिक उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असल्यास विनामूल्य व १८५ टक्क्यांपर्यंत असल्यास सवलतीचे भोजन मिळते. तथापि २०१० च्या कायद्यातील तरतुदीनुसार अनेक गरीब शाळांत सरसकट सर्वांना भोजन दिले जाऊ लागल्याने हे गमक बोथट झाले आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटातून भाषा आत्मसात केलेली मुले बाहेर पडतात व नवागत त्यात येतात. म्हणून अध्यापन उत्तम असले, तरी त्या गटाचा निकाल कमीच दिसतो. गट लहान असल्यास योगायोगाचा परिणाम मोठा होतो : २० मुलांच्या गटात एका मुलाने निकाल ५ टक्क्यांनी बदलतो.

विद्यार्थिरचना बदलल्यास सरासरी कशी दिशाभूल करते, हे काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका शाळेतील १०० मुलांपैकी ८० सुस्थित असून त्यांतील ६० (७५ टक्के) व २० गरीब मुलांपैकी ८ (४० टक्के) प्रवीण ठरली. म्हणजे शाळेचा निकाल ६८ टक्के लागला. काही वर्षांनी सुस्थित मुले ४० व गरीब मुले ६० झाली आणि त्यांतील अनुक्रमे ३२ (८० टक्के) व ३० (५० टक्के) प्रवीण ठरली. दोन्ही गटांनी प्रगती केली. तरीही शाळेचा निकाल ६२ टक्क्यांवर उतरला. अशा शाळेस निकृष्ट ठरविल्यास सुस्थित पालक तेथून दूर जातात, अनुभवी शिक्षक बदली मागतात आणि चुकीचा निष्कर्ष कालांतराने खरा ठरू लागतो.

प्रगतिमापन : या कारणास्तव, मूल कोठे आहे यापेक्षा ते एका वर्षात कोठून कोठवर आले, हे पाहण्याची पद्धती पुढे आली. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी शिकागोच्या सार्वजनिक शाळांविषयी असे दाखवून दिले, की तेथील मुले तिसऱ्या इयत्तेत राष्ट्रीय सरासरीच्या मागे असली, तरी आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत त्यांची प्रगती सुमारे सहा वर्षांइतकी होती. या शाळांतील बहुसंख्य मुले गरीब कुटुंबांतील होत. टेनेसी राज्यात १९८५–८९ दरम्यान झालेल्या प्रयोगात किंडरगार्टन ते तिसरीच्या मुलांची यादृच्छिक रीतीने १३–१७ आणि २२–२५ विद्यार्थ्यांच्या वर्गांत वाटणी करण्यात आली. लहान वर्गांतील मुलांची संपादणूक सरस ठरली व कृष्णवर्णीय मुलांना त्याचा लाभ अधिक झाला. सहाध्यायी व घर यांचा प्रभाव मोठा असला, तरी शाळेच्या हाती पुष्कळ काही असते, हे यावरून दिसून येते.

सारांश, सरासरी निकाल हा प्रामुख्याने शाळेत कोणती मुले येतात हे सांगतो. शाळा त्यांच्यासाठी काय करते, हे प्रगतीवरून अधिक कळते. मात्र केवळ प्रगती पाहिल्यास मागे पडलेल्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवण्याचा धोका असतो. म्हणून पातळी, प्रगती व विद्यार्थिरचना ही तिन्ही एकत्रित विचारात घेणे आवश्यक ठरते.