मांजरेकांठच्या गाडवाटा आणि सायकल

श्रीयोगेश्वरीच्या दर्शनाकरितां अंबाजोगाईस जाण्याचा योग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं येत असतो. कोंकणस्थांपैकीं कित्येक घराण्यांची ती कुलस्वामिनी. घरांत लग्नकार्य अगर मुंज झाली कीं मोटार ठरवावी, रात्रीं निघावें, पहांटे पोंचावें, अभिषेक करून ओटी भरावी, आणि दिवस मावळण्यापूर्वीं परतीची वाट धरावी, असा हा परिपाठ ठरून गेलेला आहे. वाटेंत मोटारीच्या कांचेंतून जो मुलूख दिसतो तो पाहून "काय हा रुक्ष प्रदेश!" असा अभिप्राय देऊन मंडळी डोळे मिटतात. ज्या मुलखांत आपली कुलस्वामिनी नांदते त्याची ओळख इतक्यावरच संपावी, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. म्हणून देवदर्शनास आणखी दोन दिवस जोडावे, घरांतील तरुण मुलामुलींनीं सायकली बरोबर घ्याव्या, आणि अंबाजोगाईपासून युसूफ वडगांवावरून मांजरेच्या कांठापर्यंतचा प्रदेश गाडवाटेनें पाहावा, अशी आमची सूचना आहे.

मांजरा ही गोदावरीची मोठी उपनदी. बीड जिल्ह्यांत पाटोद्याकडील बालाघाटाच्या डोंगरांत ती उगम पावते, आणि लातूर, बिदर, मेदक असा सुमारें ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीस मिळते. केज तालुक्याच्या दक्षिणेस कांहीं अंतर ती बीड व धाराशिव या दोन जिल्ह्यांची शीव होऊन वाहते. याच भागांत, अंबाजोगाईच्या नैर्ऋत्येस, युसूफ वडगांव आहे. वडगांवें महाराष्ट्रांत शेंकड्यांनीं सांपडतील. एकास दुसऱ्यापासून ओळखावें म्हणून नांवास आणखी एक नांव जोडण्याची आपली जुनी रीत आहे. येथें वडाशेजारीं युसूफ येऊन बसला आहे, आणि दोघांचें पिढ्यान् पिढ्या बरें चाललें आहे. यादवांपासून निजामापर्यंतच्या राजवटी ज्या मुलखानें पाहिल्या, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत जो हैदराबाद संस्थानाच्या अंमलाखालीं होता, त्याचा इतिहास एका गांवाच्या नांवांत असा सांठून राहिला आहे.

डोंगरी सायकल म्हणून जें वाहन हल्लीं मिळतें त्याची थोडी माहिती येथें दिली पाहिजे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस, तामल्पाइस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण, तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या जाड टायरांच्या टाकाऊ सायकली घेऊन मातीच्या रस्त्यांनीं डोंगर उतरूं लागले. उतार इतका तीव्र कीं, मागील चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. १९७६ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीस त्यावरूनच ‘रीपॅक’ हें नांव पडलें. पुढें अशा वाटांकरितां मुद्दाम मजबूत सांगाडे तयार झाले, गिअर आले, पुढील चाकास धक्के सोसण्याची सोय झाली, आणि १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळालें. या सायकलीचें मर्म मात्र साधें आहे: टायर रुंद, त्यांत हवा बेताची, आणि चढावर पायांचे श्रम हलके करणारा गिअर.

तथापि साधनाचा फार बाऊ करूं नये. १९२३ सालीं मुंबईहून निघून १९२८ सालीं सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण वाळवंटांतून व रानांतून गेले ते साध्या सायकलींवरूनच. मांजरेकांठचा रस्ता त्यापुढें काय!

येथें कोणीं मुद्दाम आंखलेल्या, फलक लावलेल्या सायकल-वाटा नाहींत, आणि त्यांची गरजही नाहीं. शिवारांतून जाणाऱ्या गाडवाटा, दोन बांधांमधून जाणाऱ्या पाणंदी, आणि गांवांच्या हद्दीवरून जाणारे शीवरस्ते हेंच येथील जाळें आहे. या वाटा बैलगाडीनें घडविल्या आहेत. भरली गाडी चढेल एवढाच चढ, ओढा उथळ असेल तेथेंच उतार, झाडाची सांवली असेल तेथें विसावा, असा अनुभवानें साधलेला हिशेब त्यांत आहे. बैलांस जी वाट झेपते ती सायकलस्वारासही झेपते. दोन चाकोऱ्यांपैकीं एक धरली कीं सायकल आपोआप मार्गीं लागते. मोटारीस हा प्रदेश बंद आहे, आणि पायीं चालणारास तो फार मोठा आहे. सायकल या दोहोंच्या मधली. तिचा वेग घोड्याच्या दुडक्या चालीएवढा, आणि तिच्यावर बसलेल्या माणसास शेतांतील माणसाचा रामराम ऐकूं येतो.

प्रवासास आरंभ अंबाजोगाईंत करावा आणि तेथें एक दिवस पुरा द्यावा. परळीच्या वैद्यनाथाशीं लग्न लागावयाचें, कोंकणांतून वऱ्हाड आलें, मुहूर्त टळला, आणि देवी कुमारिकाच राहून येथें वसली, ही कथा घरोघर सांगितली जाते. देवळापासून थोड्या अंतरावर ‘हत्तीखाना’ म्हणून ओळखलीं जाणारीं लेणीं आहेत. खडकांत कोरलेले हत्ती तेथें उभे आहेत. गांवांतील बाराखांबी, म्हणजे सकलेश्वराचें देऊळ, यादवकालीन आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापति खोलेश्वर याच आंबे नगरीशीं निगडित होता. त्याचा मुलगा राम गुजरातवरील स्वारींत नर्मदेकांठीं पडला, आणि रामाची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ येथें देऊळ बांधविलें, असें इसवी सन १२४० च्या सुमारच्या शिलालेखावरून कळतें. सेनापतींचीं नांवें इतिहासांत राहतात हें खरें. पण भावाची आठवण दगडांत कोरून ठेवणाऱ्या बहिणीचें नांवही येथें राहिलें आहे, हें आमच्या वाचकभगिनींनीं अवश्य लक्षांत ठेवावें.

बालाघाटाच्या दरींत मुकुंदराजांची समाधि आहे. ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ चा, आणि परंपरा त्यास मराठींतील आद्य ग्रंथ मानते. तो अंबाजोगाईचा कीं विदर्भांतील आंभोऱ्याचा, हा पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. दरींतील शांततेस मात्र त्या वादाचा उपद्रव होत नाहीं. दासोपंत (१५५१–१६१५) हेही येथलेच. कागद पुरेना म्हणून कीं काय, सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय लिहून काढला. ती ‘पासोडी’ ज्या मराठी मुलानें पाहिली नाहीं त्यानें आपल्या भाषेचा हट्ट किती दांडगा असूं शकतो हें पाहिलेंच नाहीं, असें आम्ही म्हणूं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे वडगांवाकडे निघावें. माळावरचा मुरूम संपून काळी लागली कीं खोऱ्यांत उतरल्याची खूण पटते. मार्गशीर्षांत निघालें असतां ज्वारी पोटऱ्यांत आलेली असते, हरभरा फुलावर असतो, तुरीच्या शेंगा भरत असतात. लातूर-धाराशिवकडे व त्यांस लागून असलेल्या शिवारांत मार्गशीर्ष अमावास्येस ‘वेळ अमावास्या’ पाळतात. सारें घर शेतांत जातें, आणि आंबील व भज्जी खाण्यास वाटसरूस हांक मारली जाते. ती हांक नाकारूं नये. पुढें हुरड्याचे दिवस येतात. बालाघाटाचें सीताफळ मात्र त्यापूर्वींच, दसरा-दिवाळीच्या सुमारास, खावें. बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही मिळालेलें आहे.

खोऱ्याच्या तळाशीं धनेगांव येथें मांजरेवर धरण आहे. पाऊसकाळ चांगला झाला असतां त्याचा फुगवटा दूरवर पसरतो, आणि हिवाळ्याच्या सकाळीं तो देखावा एखाद्या सरोवरासारखा दिसतो. परंतु या पाण्याकडे नुसत्या हौसेनें पाहूं नये. लातूर शहराची तहान याच पाण्यावर भागते. २०१६ च्या उन्हाळ्यांत धरणाचा तळ उघडा पडला, आणि एप्रिल महिन्यांत मिरजेहून रेल्वेनें लातुरास पाणी न्यावें लागलें. ज्या मुलानें हा कांठ डोळ्यांनीं पाहिला तो घरीं गेल्यावर मोरीचा नळ वाहता सोडणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सायकलीस जो ऋतु उत्तम, त्याच ऋतूंत येथील अनेक घरांस कुलूप असतें. दसरा झाला कीं बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. मागें राहतात म्हातारीं माणसें आणि शाळेंत जाणारीं नातवंडें. आपण ज्या ओसरीवर पाणी मागतों तेथें पाणी देणारी आजी कदाचित् सहा महिने एकटीनें चार नातवंडें सांभाळीत असेल. तेव्हां येथील निवांतपणाची स्तुति करतांना तो निवांतपणा कशाचा आहे, हेंही मुलांनीं जाणून घ्यावें. जेवणाचे पैसे मोजून द्यावे, आणि ते देतांना उपकार केल्याचा आव आणूं नये.

अंगांत दम असल्यास तिसऱ्या दिवशीं केजवरून उत्तरेस धारूरपर्यंत जावें. आदिलशाही सरदार किश्वरखान यानें १५६७ च्या सुमारास बांधविलेला किल्ला तेथें डोंगराच्या कडेस उभा आहे.

आतां मुख्य मुद्दा. ज्या वाटांचें आम्ही वर्णन केलें त्या दिवसेंदिवस नाहींशा होत आहेत. गांवच्या नकाशावर पाणंद आहे, पण जागेवर नाहीं, असा प्रकार ठिकठिकाणीं आढळतो. बैलगाडी कमी झाली, वाटेवर बाभळी माजल्या, आणि दोन्हीं बाजूंच्या नांगरांनीं दर वर्षीं एक एक तास पुढें सरकून वाट गिळली. अडविलेला शेतरस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदारास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वयें आहे. परंतु अर्ज करावयाचा कोणीं, आणि शेजाऱ्याशीं वैर घ्यावयाचें कोणीं? ज्या वाटेवर पाऊल पडत नाहीं ती वाट कागदावर फार काळ टिकत नाहीं. वर्षांतून चारदोन वेळां जरी सायकलस्वारांच्या तुकड्या या वाटांनीं गेल्या, गांवकऱ्यांनीं त्यांच्या चहापाण्याची व मुक्कामाची सोय केली, तर वाट मोकळी ठेवण्यांत गांवाचाही लाभ दिसूं लागेल. या प्रवासाचें मोल आमच्या मतें येथें आहे.

कांहीं व्यवहाराच्या सूचना. पावसाळ्यांत काळ्या रानांत शिरूं नये. चिखल चाकांत बसून सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि ओली वाट उकरली जाते ती वेगळीच. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ उत्तम. बाभळीचा कांटा व सराटे हे येथील खरे शत्रु. जादा ट्यूब, पंक्चर काढण्याचें सामान व पंप जवळ असावाच. पाणी माणशीं तीन लिटर घ्यावें, डोक्यास शिरस्त्राण घालावें. उभ्या पिकांतून सायकल घालूं नये, गुरें दिसतांच उतरावें, आणि वाट विचारतांना आधीं रामराम करावा.

मुलींस पाठवावें कीं नाहीं, असा प्रश्न वडील मंडळी करतील. राज्यांतील मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमांतून गरजू विद्यार्थिनींस शाळेंत जाण्याकरितां सायकली दिल्या जातात, आणि खेड्यांतील मुली पुस्तकांचें ओझें घेऊन रोज अशाच रस्त्यांनीं जातात. त्यांस जें साधतें तें शहरांतील आपल्या लेकीसुनांस साधूं नये, असें मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. एखादे काका अगर मामा तुकडीबरोबर असले म्हणजे आजीच्या जिवासही घोर राहणार नाहीं. आणि काकांचें पोटही थोडें उतरेल. वडील मंडळींनीं मोटारीनें वडगांवास येऊन दुपारच्या जेवणास गांठ घालावी, म्हणजे कुटुंब एकत्रही राहील आणि ज्याचा प्रवास त्यास घडेल.

कुलस्वामिनीचा मुलूख हा आपल्या आजोळासारखा असतो. तेथें दाराशीं येऊन केवळ नमस्कार करून परतावें, हें नात्यास शोभत नाहीं. घरांत शिरावें, परसूं पाहावें, विहिरीला पाणी किती आहे हें विचारावें. पुढील वेळीं ओटीचें सामान बांधतांना सायकलींच्या चाकांत हवा आहे ना, हेंही कोणीं तरी पाहून ठेवावें, एवढीच आमची विनंती.